व्हर्नची तोफ आणि चंद्रावरची सकाळ

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी चंद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून निघाले, तेव्हा यवतच्या आमच्या शाळेतील नववीचा वर्ग दूरचित्रवाणी संचासमोर बसला होता. अग्निबाण दिसेनासा झाला, टाळ्या झाल्या, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दोन पस्तीसच का? अडीच का नाही?" मी तोंड उघडण्यापूर्वीच वर्गातून दोन उत्तरे आली. एक मुलगा म्हणाला, "मुहूर्त बघितला असेल." एक मुलगी म्हणाली, "नाही, त्या वेळी चंद्र जवळ आणि बरोबर डोक्यावर येत असेल. पुस्तकात तसंच आहे."

पहिले उत्तर ऐकून मुले हसली. दुसरे उत्तर ऐकून कोणी हसले नाही. मला मात्र या दुसऱ्या उत्तराचीच जास्त काळजी वाटली. ते विज्ञानाच्या भाषेत होते, आणि ते ज्या पुस्तकातून आले होते ते पुस्तक मीच त्या मुलीला वाचायला दिले होते. पुस्तक होते ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे. त्या रात्री मी ते पुन्हा काढले, या वेळी शेजारी कागद-पेन्सिल ठेवून. त्या वाचनातून जे हाती लागले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवत आहे.

पुस्तक आणि त्याचे मराठी वाचक

व्हर्नची ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. तिचा पुढचा भाग ‘चंद्राभोवती’ हा त्यानंतर चार-पाच वर्षांनी आला. मराठी वाचकाची या पुस्तकाशी ओळख फार जुनी आहे. १९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ सांगताना या अनुवादाचा उल्लेख होतो. पुढे भा. रा. भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’ने ही गोष्ट मुलांपर्यंत पोचवली. आपल्यापैकी कित्येकांनी चंद्रप्रवासाचा पहिला विचार या गोष्टीच्या बोटाला धरून केला असेल. म्हणूनच तिच्यातील हिशेब तपासणे हे शिक्षकाचे काम आहे. पुढील आकडे मूळ कादंबरीतले घेतले आहेत.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर बाल्टिमोरच्या ‘गन क्लब’मधील तोफतज्ज्ञांना काम उरत नाही. अध्यक्ष बार्बिकेन सुचवतो की, एक प्रचंड तोफ ओतून चंद्रावर गोळा मारावा. पण तोफ कुठे ठेवावी आणि कधी डागावी? क्लब केंब्रिजच्या वेधशाळेला पत्र लिहितो, आणि वेधशाळेचे मुद्देसूद उत्तर येते. त्या उत्तराचा सारांश असा :

गोळ्याचा आरंभीचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ कि.मी. हवा. प्रवासाला ९७ तास १३ मिनिटे २० सेकंद लागतील. चंद्र पृथ्वीला सर्वांत जवळच्या, म्हणजे उपभू बिंदूवर असावा आणि त्याच वेळी तो खस्वस्तिकावर, म्हणजे तोफेच्या थेट माथ्यावर यावा. चंद्र माथ्यावर येण्यासाठी तोफ विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आतील अक्षांशावर हवी. तोफ डागताना चंद्र खस्वस्तिकापासून ६४ अंश दूर असावा. हे सर्व १ डिसेंबरला रात्री १० वाजून ४६ मिनिटे ४० सेकंदांनी जुळते. ही संधी हुकली तर पुन्हा १८ वर्षे ११ दिवस वाट पाहावी लागेल.

हल्ली वर्तमानपत्रे ज्याला ‘लाँच विंडो’ म्हणतात, त्या प्रक्षेपण-संधीचे हे गणित आहे. ते अग्निबाणांच्या युगाच्या कितीतरी आधी एका कादंबरीकाराने मांडले, आणि त्यातील मुख्य कल्पना बरोबर आहे. गोळा चार दिवस वाटेत असेल. तेवढ्या वेळात चंद्र रोज १३ अंशांच्या वर पूर्वेकडे सरकत राहील. म्हणून नेम चंद्र आज जिथे दिसतो तिथे धरायचा नाही, चार दिवसांनी तो जिथे असेल तिथे धरायचा. व्हर्नने दैनिक गती १३ अंश १० मिनिटे ३५ सेकंद धरून तिची चौपट केली आहे. उडत्या पाखरावर गलोल धरणाऱ्या पोराला हे कळते. पण चंद्राच्या बाबतीत ते आकड्यांत मांडून दाखवण्याचे श्रेय व्हर्नला दिलेच पाहिजे.

पेन्सिल घेऊन वाचताना

आता त्या ४६ मिनिटे ४० सेकंदांकडे पाहू. इतका नेमका आकडा पाहिला की वाचक दबून जातो. तो आला कुठून? वेधशाळा सांगते की, पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ सारखी होते त्या बिंदूपर्यंत जायला ३,००,००० सेकंद लागतील आणि तिथून चंद्रावर पडायला ५०,००० सेकंद. बेरीज ३,५०,००० सेकंद. तिचे तास केले की ९७ तास १३ मिनिटे २० सेकंद येतात. पोचण्याची वेळ मध्यरात्र धरली आहे. तिच्यातून हे वजा करा, की १० वाजून ४६ मिनिटे ४० सेकंद हजर! मूळ आकडा अंदाजाने पूर्ण लाखांत घेतलेला. त्याचे रूपांतर करताना मात्र सेकंदाची अचूकता असल्याचा भास झाला. भागाकारात आठ दशांशस्थळे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हेच सांगतो. मोजमापात जितकी अचूकता नव्हती तितकी ती उत्तरात येत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. चंद्र माथ्यावर यायचा तो केव्हा? व्हर्नच्या हिशेबात तो गोळा पोचण्याच्या क्षणी माथ्यावर येतो. पण तोफेचा नेम डागण्याच्या क्षणी ठरून गेलेला असतो. गोळा सुटल्यावर पृथ्वी फिरत राहते, तोफ तिच्याबरोबर फिरते, आणि तोफेचा माथा ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत जातो. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. ९७ तास १३ मिनिटांत चार फेऱ्या होऊन वर सुमारे २२ अंश उरतात. म्हणजे पोचण्याच्या वेळचा माथा हा डागण्याच्या वेळच्या माथ्यापासून २२ अंश पूर्वेला गेला. चंद्र बरोबर मध्यरात्री तोफेच्या माथ्यावर आला, तरी गोळा त्या दिशेने गेलेलाच नाही.

यावर कोणी म्हणेल की, पृथ्वीच्या फिरण्यामुळे गोळ्यालाही पूर्वेकडे थोडी गती मिळते. मिळते, आणि व्हर्नने ती विचारात घेतली आहे. त्याने या विचलनाला ११ अंश दिले आहेत. ते जसेच्या तसे मान्य केले तरी ११ अंशांचा फरक उरतो. चंद्राच्या अंतरावर ११ अंश म्हणजे ७०,००० कि.मी.हून जास्त. चंद्राचा व्यास साडेतीन हजार कि.मी.सुद्धा नाही.

शिवाय ते ११ अंश व्हर्नने मिळवले आहेत. चंद्राचे चार दिवसांचे सुमारे ५३ अंश अधिक गोळ्याच्या विचलनाचे ११, असे ६४. आता फळ्यावर एक आडवी रेघ काढा. गोळा शून्यावरून निघून पूर्वेकडे ११ वर पोचतो. चंद्रालाही त्याच क्षणी ११ वर पोचायचे आहे आणि त्याने वाटेत पूर्वेकडे ५३ घरे चालायची आहेत. मग तो निघताना कुठे हवा? शून्याच्या पश्चिमेला ४२ वर. दोघेही एकाच दिशेने चालले आहेत, म्हणून विचलन वजा करायला हवे होते. सातवीच्या मुलांनाही हा प्रश्न घालता येतो. व्हर्नची चूक सापडल्याचा त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

आकाशाकडे पाहूनही पडताळा घेता येतो. पौर्णिमेच्या चार दिवस आधीचा चंद्र म्हणजे शुद्ध एकादशीचा चंद्र. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला मुलांना मैदानावर जमवा. यवतची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे आहे, म्हणून घड्याळात रात्रीचे ११ वाजून २० मिनिटे झाली की व्हर्नची वेळ झाली असे समजा. कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून चंद्राची उंची मोजा. ती क्षितिजापासून साधारण ५० ते ६० अंश भरेल. चंद्र माथ्यापासून ६४ अंश दूर असता, तर तो क्षितिजापासून अवघ्या २६ अंशांवर दिसला असता. पुस्तकातील घड्याळ आणि पुस्तकातील कोन यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

जवळचा चंद्र किती स्वस्त?

आता त्या मुलीच्या उत्तराचा पहिला भाग, ‘चंद्र जवळ असेल तेव्हा’. चंद्राचे अंतर सुमारे ३,५६,००० ते ४,०६,००० कि.मी. यांच्या दरम्यान बदलते. ५०,००० कि.मी. वाचत असतील तर वाट का पाहू नये, असे कोणालाही वाटेल. रस्त्यावरच्या प्रवासात अंतर वाढले की इंधनही त्या प्रमाणात वाढते. यवतहून पुण्याला आणि यवतहून सोलापूरला लागणारे डिझेल सारखे नसते. अवकाशात तसे नाही. तिथे बहुतेक सगळा खर्च पृथ्वीच्या ओढीतून वर चढण्याचा असतो, आणि ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असल्याने चढाचा अवघड भाग सुरुवातीलाच संपतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावून पाहावा. पृथ्वीपासून सुमारे २०० कि.मी. उंचीवरून निघून ३,५६,००० कि.मी.पर्यंत जाण्यासाठी लागणारा वेग आणि ४,०६,००० कि.मी.पर्यंत जाण्यासाठी लागणारा वेग यांत फरक येतो सेकंदाला सुमारे १२ मीटर. एकूण वेग आहे सेकंदाला ११,००० मीटरच्या आसपास. म्हणजे फरक जेमतेम हजारात एक. एवढे इंधन वाचत असेल तर अभियंता ते जरूर वाचवील, पण त्यासाठी १८ वर्षे खोळंबून राहणार नाही.

दुसरा भाग, ‘बरोबर डोक्यावर’. ही अट चंद्राची नाही, तोफेची आहे. जमिनीत उभी गाडलेली तोफ फक्त सरळ वर मारू शकते, म्हणून चंद्राला तिच्या माथ्यावर यावे लागते. चंद्राची क्रांती, म्हणजे आकाशातील विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर, जास्तीत जास्त साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जाते. म्हणून २८ अंशांची मर्यादा, आणि म्हणून व्हर्नची तोफ फ्लोरिडात. यवत सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. या हिशेबाने व्हर्नला आपल्या जवळचा भुलेश्वराचा डोंगरही चालला असता! मात्र साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात काही वर्षे अशी येतात की चंद्राची क्रांती सव्वाअठरा अंशांच्या फारशी पुढे जातच नाही. २०१५ हे तसे वर्ष होते. त्या वर्षी भुलेश्वरवरची तोफ थोडक्यात हुकली असती.

अग्निबाणाला सरळ वर जायचे नसते. तो पूर्वेकडे कलतो, पृथ्वीभोवती कक्षेत फिरू लागतो आणि त्या कक्षेतील योग्य बिंदूवरून चंद्राकडे निघतो. चंद्र त्या कक्षेच्या प्रतलाजवळ, म्हणजे कक्षा ज्या सपाटीत आहे ती सपाटी आकाशात वाढवली तर तिच्याजवळ, योग्य वेळी यावा एवढे पुरते. माथ्यावर येण्याचे बंधन तिथे संपते.

एकादशी आधी, प्रस्थान नंतर

मग आजची प्रक्षेपण-संधी ठरते कशावरून? व्हर्नच्या हिशेबातील मोठी उणीव इथे आहे. ती बेरीज-वजाबाकीची चूक नाही. त्याचा सारा विचार निघण्याच्या जागेवरून होतो : तोफ कुठे, माथा कुठे, अंतर किती. चंद्रावर पोचल्यावर तिथे दिवस असेल की रात्र, हा प्रश्न वेळ ठरवताना येतच नाही. प्रत्यक्षात हिशेब तिथून सुरू होतो.

यवतच्या माणसाला हे समजावून सांगणे अवघड नाही. दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते, आणि वारकऱ्यांना गाव पिठलं-भाकरी वाढते. तो मुक्काम कोणत्या तारखेला, हे कसे ठरते? पंढरपूरची आषाढी एकादशी आधी ठरलेली असते. तिच्यापासून मागे मोजत मोजत बारामती, वरवंड, यवत, लोणी काळभोर, पुणे असे करत देहूच्या प्रस्थानापर्यंत जायचे. चंद्रमोहिमेची आखणी अशीच मागे मोजत होते. तिची ‘एकादशी’ म्हणजे उतरण्याच्या जागी होणारी सकाळ.

सकाळच का? चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांइतका असतो आणि रात्रही तेवढीच. चंद्रयान-३ चे ‘विक्रम’ आणि ‘प्रज्ञान’ सूर्याच्या उजेडावर चालणारे होते. रात्रीच्या भयंकर थंडीत टिकण्याची सोय त्यांच्यात नव्हती. म्हणून पूर्ण दिवस हाती मिळायचा तर उजाडल्यावर लवकर उतरणे भाग होते. अपोलो मोहिमांत कारण वेगळे, पण निष्कर्ष तोच. अंतराळवीरांना डोळ्यांनी जागा पाहून उतरायचे होते. सूर्य माथ्यावर असला तर सावल्या नाहीशा होतात आणि खड्डे-दगड दिसत नाहीत. सूर्य अगदी क्षितिजाला टेकलेला असला तर लांब सावल्यांत सगळे बुडून जाते. म्हणून सूर्य क्षितिजावर थोडा वर आलेला हवा. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ उतरले तेव्हा तिथे सूर्याची उंची १०.८ अंश होती.

हुकलेली सकाळ एका चांद्रमासाने, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांनी पुन्हा येते. व्हर्नची १८ वर्षे आणि हा एक महिना, यांतला फरक मुलांच्या लगेच ध्यानात येतो.

सप्तमी हा मुहूर्त आहे का?

आता वर्गातील पहिल्या उत्तराकडे वळू. चंद्रयान-३ उतरले २३ ऑगस्ट २०२३ रोजी, श्रावण शुद्ध सप्तमीला. अपोलो-११ उतरले तेही शुद्ध सप्तमीच्या सुमारासच. हे ऐकून मुहूर्तवाला मुलगा खूश होईल. त्याला खूश होऊ द्यावे आणि मग पंचांगच हातात घ्यावे.

तिथी म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनाचे १२-१२ अंशांचे भाग. अमावास्येला कोन शून्य, पौर्णिमेला १८०. हाच कोन चंद्रावर कुठे उजाडले आहे हेही सांगतो. कोन ९० अंश झाला की आपल्याकडे तोंड केलेल्या चंद्रबिंबाच्या मध्यरेषेवर सूर्य उगवतो. त्याच्या पूर्वेकडील जागांवर आधी उगवलेला असतो, पश्चिमेकडे नंतर उगवतो. म्हणून ९० मधून जागेचा पूर्व रेखांश वजा करा, आणि जागा विषुववृत्ताजवळ असेल तर सूर्याची हवी ती उंची मिळवा. येईल तो ठोकळमानाने कोन.

अपोलो-११ ची जागा साडेतेवीस अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताजवळ. ९० वजा २३.५ अधिक १०.८ म्हणजे ७७.३. याला १२ ने भागले की ६ पूर्ण होऊन काही उरते, म्हणजे सातवी तिथी चालू. सप्तमी!

चंद्रयान-३ ची जागा सुमारे ३२ अंश पूर्व रेखांशावर, पण ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. ९० वजा ३२ म्हणजे ५८, अर्थात पंचमी. त्या वर्षी २१ ऑगस्टला नागपंचमी होती. ठोकळमानाने त्या दिवशी तिथे उजाडले. पण ध्रुवाकडच्या प्रदेशात सूर्य तिरपा, रेंगाळत चढतो. विषुववृत्तावर तो दिवसाला १२ अंश चढतो, तर ६९ अक्षांशावर सुमारे ४ अंशच. तो ८ अंशांच्या आसपास यायला आणखी दोन दिवस लागले, आणि सप्तमी उजाडली.

आता अपोलो-१२ घ्या. ते १९ नोव्हेंबर १९६९ रोजी २३.४ अंश पश्चिम रेखांशावर उतरले. सूर्याची उंची ५.१ अंश होती. पश्चिम रेखांश वजा करण्याऐवजी मिळवायचा. ९० अधिक २३.४ अधिक ५.१ म्हणजे ११८.५. दशमी संपून एकादशी लागण्याची वेळ. जागा बदलली, तिथी बदलली. सप्तमी शुभ म्हणून कोणी निवडली नव्हती. चंद्राच्या त्या भागात सप्तमीच्या सुमारास सकाळ असते, एवढेच. मुहूर्ताचे कारण विचारता येत नाही. या तिथीचे कारण विचारता येते, आणि जागा बदलून ते तपासताही येते. हा फरक विद्यार्थ्याला पंचांगाच्याच मदतीने दाखवता आला तर त्याचा अपमान होत नाही आणि गोष्ट पक्की लक्षात राहते.

दोन पस्तीसच का?

उरला मागच्या बाकावरचा मूळ प्रश्न. पोचण्याचा दिवस ठरला. मग निघण्याचे मिनिट का ठरावे?

चंद्रयान-३ ला अग्निबाणाने प्रथम पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडले. तिचे जवळचे टोक सुमारे १७० कि.मी.वर आणि दूरचे सुमारे ३६,५०० कि.मी.वर होते. यानाने पुढे आपले इंजिन टप्प्याटप्प्याने चालवून ती कक्षा लांबवत नेली आणि १ ऑगस्टला चंद्राची वाट धरली. या लंबवर्तुळाचे प्रतल आणि त्याच्या लांब अक्षाची दिशा ताऱ्यांच्या संदर्भात जवळजवळ तीच राहते. ठरल्या दिवशी यान त्या लांब टोकाकडे पोचेल तेव्हा चंद्र तिथे यायला हवा. पण श्रीहरिकोटा पृथ्वीबरोबर फिरते आहे, चार मिनिटांत एक अंश. बंगालच्या उपसागरावरून कोणत्या दिशेने जायचे हे सुरक्षिततेसाठी ठरलेले असते. तेव्हा एक मिनिट उशीर म्हणजे सगळे लंबवर्तुळ पाव अंश वळणार. चंद्राच्या अंतरावर पाव अंश म्हणजे सुमारे १,७०० कि.मी., चंद्राच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मे. ही चूक इंधन जाळून सुधारता येते, पण ते इंधन उतरण्यासाठी राखलेले असते. दोन पस्तीसचे उत्तर हे आहे.

दिशा बदलण्याची मुभा असेल तर वेळेत सैलपणा येतो. अपोलो-११ ला १६ जुलै १९६९ रोजी ४ तास २२ मिनिटांची संधी होती, कारण उशीर होईल तसा उड्डाणाचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली दिशा, वळवत नेण्याची तयारी ठेवली होती. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ ला २ तास ४० मिनिटे उशीर झाला. दिगंश ७२ ऐवजी सुमारे ९१ अंश घेतला, वाटेत वेळ भरून काढला, आणि यान चंद्रावर ठरल्या वेळी पोचले.

दिवसांचा उशीर वाटेतल्या मुक्कामांवर भरून निघतो. चंद्रयान-२ चे उड्डाण १५ जुलै २०१९ रोजी पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी ठरले होते. तांत्रिक बिघाडामुळे ५६ मिनिटे आधी ते थांबवले गेले आणि २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी झाले. दिवस बदलला, तसे निघण्याचे मिनिटही नव्याने मोजावे लागले. उतरण्याचा दिवस मात्र ७ सप्टेंबरच्या आसपास होता तोच ठेवला. पृथ्वीभोवतीचे १७ दिवस २३ केले आणि चंद्राभोवतीचे २८ दिवस १३ वर आणले. एखाद्या वर्षी तिथीचा क्षय झाला तर पालखीचा मुक्काम कमी-जास्त होतो, पण एकादशी कोणी पुढे ढकलत नाही. ‘विक्रम’ त्या वेळी कोसळला तो उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात. वेळापत्रकाने आपले काम चोख केले होते.

पुस्तकाचे काय करावे?

एवढ्या चुका काढल्यावर हे पुस्तक कपाटात बंद करावे का? माझे मत तसे नाही. व्हर्नने आकडे लपवले नाहीत. वेग, वेळ, कोन, अक्षांश, सगळे त्याने वाचकासमोर ठेवले, म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनंतर यवतच्या शाळेत बसून ते तपासता येतात. आजच्या कितीतरी विज्ञानकथांत यंत्रांची नावे भारी असतात, पण तपासून पाहण्यासारखा एकही आकडा सापडत नाही. त्यांच्यापेक्षा चुकलेला व्हर्न वर्गात अधिक उपयोगी आहे.

माझी तक्रार आम्हा शिक्षकांविषयी आहे. आम्ही हे पुस्तक ‘व्हर्नने सगळे आधीच सांगून ठेवले होते’ अशा कौतुकाने मुलांच्या हाती देतो. फ्लोरिडा जुळले, वेग जुळला, तीन प्रवासी जुळले, की टाळी. न जुळलेल्या गोष्टी कोणी काढत नाही. मग हुशार मुलगी ‘पुस्तकात आहे’ म्हणते आणि थांबते. ‘मुहूर्त असेल’ म्हणणारा मुलगाही तिथेच थांबलेला असतो. दोघांच्या उत्तरांचा रंग वेगळा, पण ‘का’ विचारणे दोघांचेही संपलेले.

मी ते पुस्तक पुन्हा त्याच मुलीला दिले. या वेळी केंब्रिजच्या पत्राच्या पानावर पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : "मिळवायचे की वजा करायचे?" आठवड्याने तिने पुस्तक परत केले. माझ्या प्रश्नाखाली तिने आडवी रेघ काढून ४२ चा आकडा मांडला होता, आणि त्याच्याखाली तिचा स्वतःचा प्रश्न होता : "पण सर, गोळा पोचतो तेव्हा तिथे सकाळ होती का?"

पौर्णिमेला चंद्रबिंबाच्या पश्चिम कडेवर सकाळ असते आणि मध्यावर भर दुपार. हे उत्तर मी तिला सांगितले नाही. चेंडू आणि विजेरी तिच्या हाती दिली.